बीडचं सीताफळ शोधणारा काय टाइप करतो?

नुसतं ‘बीड’ एवढंच शोधलं, तर जिल्हा आणि बिडाचा तवा एकाच रांगेत उभे राहू शकतात. इंग्रजीत घोळ आणखी मोठा. जनगणनेच्या तक्त्यांत या जिल्ह्याचं स्पेलिंग ‘बी-आय-डी’ आहे, म्हणजे टेंडरवाल्यांची बोली. निजामकाळातल्या कागदांत ते ‘बी-एच-आय-आर’ आहे, आणि आज सगळे दोन ‘ई’ घालून लिहितात. ज्या गावाच्या नावाचीच ही तऱ्हा, तिथल्या माणसाला आपलं वेबपान लोकांपुढे आणायचं असेल, तर त्या पानाला नाव काय द्यायचं?

बीडच्या सुभाष रोड भागात एक पोरगा हे काम करतो. एक खोली, दोन लॅपटॉप आणि इन्व्हर्टर. मी बसलो होतो तेव्हा बालाघाटातल्या एका सीताफळ बागायतदाराची साइट उघडी होती. डोंगराळ, मुरमाड जमिनीतल्या या फळाला ‘बीड सीताफळ’ म्हणून 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला त्याचं संशोधन केंद्र आहे, आणि ‘धारूर 6’ हे वाण तर तालुक्याचंच नाव घेऊन फिरतं. साइटवर मात्र यातला एक शब्द नव्हता. पहिल्या पानाचं टायटल ‘होम’, दुसऱ्याचं ‘अबाउट अस’, तिसऱ्याचं ‘प्रॉडक्ट 1’. फोटो मोबाइलमधून जसेच्या तसे चढवलेले, त्यामुळे त्यांच्या नावांत नुसते तारखांचे आकडे.

टायटल म्हणजे गुगलच्या निकालात निळ्या अक्षरांत दिसते ती ओळ. पानावरचं मोठं मथळ्याचं वाक्य वेगळं, आणि वरच्या पट्टीतला पत्ता आणखी वेगळा. गिऱ्हाईक आधी पाहतं ती ही निळी ओळ. अक्षरांची ठरलेली मर्यादा गुगलने दिलेली नाही, पण स्क्रीनची रुंदी संपली की ओळ तुटते आणि पुढे तीन टिंबं येतात. म्हणून कामाचे शब्द सुरुवातीला. एसटीच्या पाटीवर ‘बीड–परळी’ ठळक आणि ‘मार्गे वडवणी, तेलगाव’ बारीक असतं, तोच हिशेब.

बागायतदार अण्णा बाजूलाच बसले होते. त्यांनी आणलेलं टायटल वहीत लिहिलेलं होतं. कुलदैवताच्या कृपेने इथपासून सुरू होऊन फार्मचं नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी ‘बालाघाटच्या कुशीतील अमृतफळ’.

“अण्णा, तुमच्या फार्मचं नाव किती जणांला माहीत हाय?”

“गावाला माहीत हाय की.”

“गाववाले गुगलवर कशाला शोधतील? पुण्यातली बाई काय शोधायली ते बघा ना.”

त्याने सर्च कन्सोल उघडलं. कोणते शब्द टाकल्यावर आपलं पान लोकांपुढे आलं आणि त्यातल्या किती जणांनी ते उघडलं, हे गुगल तिथे फुकट दाखवतं. यादी बघण्यासारखी होती. ‘सीताफळ’, ‘सिताफळ’, ‘शिताफळ’. रोमन लिपीत तर जितके हात तितकी स्पेलिंगं. ‘सीताफळ रोपे’, ‘सीताफळ गर’ आणि सगळ्यात वर ‘सीताफळ भाव आजचा’. ‘अमृतफळ’ कुठेच नव्हतं.

भावाचा शब्द पाहून अण्णा खुलले. “मग टाक की ‘आजचा भाव’.” पोरगा नाही म्हणाला. भाव बघायला आलेल्या माणसाला मोंढ्यातला दर हवा असतो. इथे पेटीची किंमत दिसली की तो लगेच परत फिरणार. मला त्याचं म्हणणं पटलं. आत काय आहे ते न सांगता नुसतं लक्ष खेचणारं नाव देण्याची खोड बातम्यांतही दिसते. जिल्ह्यातल्या कितीतरी बातम्या ‘मोठी बातमी!’ आणि ‘धक्कादायक!’ अशा नावांनी निघतात. गाव नाही, घटना नाही. त्या दिवशी व्हॉट्सॲपवर धावतात, आणि महिन्याने कुणाला तीच बातमी हवी असली तर शोधायला धरायचा एक शब्द नसतो.

शेवटी ठरलं ते असं: ‘बीड सीताफळ – बालाघाटातील बागेतून पेटी घरपोच’. फार्मचं नाव पानावर मोठ्या अक्षरात, अण्णांची तेवढी सोय. दिल्लीकडच्या गिऱ्हाइकांसाठी हिंदी पान वेगळं केलं, आणि तिथे ‘शरीफा’ हा शब्द मुद्दाम घातला. तिकडे बऱ्याच घरांत ‘सीताफल’ म्हणजे लाल भोपळा.

मग पत्त्याची पाळी. देवनागरीत पत्ता ठेवला तर गुगलला तो वाचता येतो, पण कॉपी करून पाठवला की पुष्कळदा टक्क्यांच्या खुणांची माळ होते. एकेका देवनागरी चिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची तीन अक्षरं. ‘सीताफळ’ या सहा चिन्हांची चोपन्न अक्षरं होतात! अशी लिंक पाहून माणसाला फसवणुकीचा वास येतो. म्हणून पत्ता रोमन लिपीत, शब्दांमध्ये आडवी रेघ; अंडरस्कोर नको, हा सल्ला गुगलचाच. आणि पत्त्यात साल घालायचं नाही, कारण पुढच्या हंगामात तेच पान वापरायचं असतं.

आधीच्या कुणीतरी पानामागच्या ‘कीवर्ड’ नावाच्या रकान्यात बीडसकट अकराही तालुके आणि शेकडो गावं भरून ठेवली होती. गुगल तो रकाना क्रम लावताना बघत नाही, हे त्यांनी 2009 सालीच जाहीर केलं आहे. पोरग्याने तो सबंध पुसला.

खरी डोकेफोड झाली ती ‘पेटी कुठे पोहोचते’ या पानावर. बीडच्या शेजारच्या तीन जिल्ह्यांची नावं अलीकडे बदलली. 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, 2024 मध्ये अहिल्यानगर. सरकारी कागद बदलले, पण बोटांची सवय एवढ्या लवकर जात नाही. सप्टेंबर 2025 मध्ये बीडला प्रवासी रेल्वे आली, तिच्या मार्गाला स्टँडवर आजही लोक ‘नगर–बीड–परळी’च म्हणतात. तोडगा असा काढला: टायटलमध्ये नवं नाव, मजकुराच्या पहिल्या वाक्यात जुनं. दोन्ही नावं टायटलमध्ये कोंबली तर ‘सीताफळ’ तीन टिंबांत जातं.

परळीचं दुखणं निराळं. ‘वैद्यनाथ ज्योतिर्लिंग’ एवढंच लिहिलं तर झारखंडातलं देवघरही त्याच शोधात उतरतं. म्हणून परळीच्या एका लॉजवाल्यासाठी त्याने ‘परळी’ हा शब्द सर्वांत आधी घेतला होता आणि ‘वैजनाथ’, ‘वैद्यनाथ’ ही दोन्ही रूपं मजकुरात ठेवली होती.

पत्ते बदलल्यावर एक काम उरतं, आणि घाईत नेमकं तेच राहतं. जुने पत्ते लोकांनी पाठवलेले असतात, गुगलकडेही तेच असतात. त्यामुळे प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वाट लावून द्यावी लागते. पोरगा वहीत डावीकडे जुना, उजवीकडे नवा पत्ता लिहून एकेक तपासत होता. अण्णांनी विचारलं, “आता उद्या वर दिसंल का?”

“उद्या नाही अण्णा. गुगल परत येऊन पान वाचंल तेव्हा. आणि वाचूनही आपलंच टायटल दाखवंल असं नाही, कधी कधी ते सोताच्या मनानं दुसरं लावतंय.”

अण्णांनी वही मिटली आणि फोटोंची नावं कधी बदलणार ते विचारलं.