केळबाय की गजलक्ष्मी? : जुन्या शिल्पांतील दैवतकथा कशी वाचावी

डिचोली किंवा पेडणे तालुक्यातील एखाद्या जुन्या देवळाच्या आवारात तुम्ही अशी शिळा पाहिली असेल. मध्यभागी बसलेली देवी, तिच्या दोन्ही अंगांना सोंडा उंचावलेले दोन हत्ती, सोंडांत कलश आणि त्यांतले पाणी देवीच्या मस्तकावर पडत असलेले. मूर्तिशास्त्राचा ग्रंथ उघडला तर उत्तर तत्काळ मिळते: ही गजलक्ष्मी. तीच शिळा दाखवून गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचारले तर ती हात जोडून म्हणते, ही आमची केळबाय. मग या दोघांतले खरे कोणाचे? मला वाटते, दोघांचेही खरे आहे. आणि दोन्ही उत्तरे एकत्र ठेवल्याशिवाय ती शिळा पुरती वाचताच येत नाही.

प्रथम ग्रंथाची बाजू. कलश ओतणारे हत्ती आणि मधोमध लक्ष्मी ही जोडणी फार जुनी आहे. भारहूत आणि सांची येथील स्तूपांवर ती दोन हजार वर्षांपूर्वीच कोरलेली दिसते. आपल्या परंपरेत हत्ती म्हणजे पाण्याने भरलेला ढग, आणि त्याने ज्या देवीला न्हाऊ घालायचे ती पिकाची, भरभराटीची देवी. मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या शेतकऱ्याला हा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. गोव्यातल्या काही शिळांवर खालच्या पट्टीत वादक आणि योद्धेही कोरलेले आढळतात. म्हणजे शिल्पकाराने देवीबरोबर तिच्यापुढे उभा राहणारा समाजही दाखवला आहे.

मात्र केवळ हत्ती दिसले म्हणून गजलक्ष्मी म्हणून चालत नाही. पेडण्याच्या श्रीभगवतीच्या देवळात शिरताना दोन भव्य दगडी हत्ती उभे आहेत. ते कोणावर पाणी घालत नाहीत. ते देवीच्या दाराची शोभा आणि राखण आहेत. तेव्हा चित्र वाचताना काय काय आहे एवढेच पाहू नये. कोण काय करीत आहे आणि ते कोणत्या जागी आहे, हेही पाहावे.

असे वाचन युरोपातल्या अभ्यासकांनी प्राचीन ग्रीक कलेच्या बाबतीत फार काळजीपूर्वक केले आहे, म्हणून क्षणभर तिकडे वळू. ग्रीक कुंभांवर देवांच्या आणि वीरांच्या कथा रंगवलेल्या असत. सिंहाचे कातडे पांघरलेला, हाती गदा घेतलेला पुरुष दिसला की तो हेराक्लीस हे ओळखायचे. पुष्कळ कुंभांवर तर चित्रकार आकृतीशेजारी नावच लिहून ठेवी. असाच एक कुंभ आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी ५४० ते ५३०च्या सुमारास एक्सेकियास नावाच्या कलावंताने तो घडवला. त्यावर ट्रॉयच्या युद्धातले अकिलीस आणि अयास हे दोन वीर भाले हाती धरून पटावर फाशांचा खेळ खेळत आहेत. दोघांची नावे लिहिली आहेत. एकाच्या तोंडून ‘चार’ आणि दुसऱ्याच्या तोंडून ‘तीन’ असे दानही लिहिले आहे. इतके सगळे स्पष्ट असूनही हा प्रसंग होमरच्या महाकाव्यात नाही, आणि आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही प्राचीन ग्रंथात तो सांगितलेला नाही.

यातून आपल्याला एक गोष्ट शिकायची आहे. चित्र हे नेहमी पोथीची नक्कल नसते. लोकांच्या तोंडी असलेली कथा कधी पोथीत उतरते, कधी फक्त मातीत किंवा दगडात राहते. पोथीत सापडत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही.

आता केळबायीकडे परत येऊ. ती एकटी नाही. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया आणि मोरजीची मोरजाई या सख्ख्या बहिणी, आणि त्यांचा भाऊ खेतोबा, ही कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. मोरजी पेडण्यात, बाकीची तिन्ही गावे डिचोलीत. एक बहीण म्हापशाला गेली आणि मिलाग्रीस सायबीण झाली, असेही कथा सांगते. तिच्या फेस्ताला हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही तेल वाहतात. भावाशी झालेल्या रुसव्याचे प्रायश्चित्त म्हणून लईराई अग्नीतून जाते, आणि वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत तिचे धोंड निखाऱ्यांवरून चालतात. लक्ष्मीच्या कोणत्या पुराणात हे सापडेल?

आणखी एक पाहा. लईराईची पूजा पाण्याने भरलेल्या कलशाच्या रूपात होते, सातेरीची रोयणीच्या म्हणजे वारुळाच्या रूपात. आपल्या देवींना मूर्ती हवीच असे नव्हते. माझा तर्क असा की कलश आणि पाणी यांच्याशी ज्यांची देवी आधीच बांधलेली होती, त्यांना कलश ओतणाऱ्या हत्तींच्या शिळेत आपलीच देवी दिसली असावी. ग्रंथाने शिळेला रूप दिले, गावाने तिला माहेर दिले.

ही माहेरची नावे टिकली याला इतिहासही कारण आहे. डिचोली १७८१च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. तोवर सोळाव्या शतकातला मंदिरे पाडण्याचा काळ मागे पडला होता. त्या काळात दिवाडीहून हलवलेला सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्वे येथे विसावला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तिथे शिलालेख आहे, म्हणून दगड स्वतः बोलतो. केळबायीच्या शिळांवर बहुधा अक्षर नसते. तिथे ग्रीक चित्रकाराने लिहिलेल्या नावाचे काम गावची आठवण करते.

आणि धोका नेमका इथेच आहे. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, नवी घडीव मूर्ती येते, झिजलेली शिळा भंगलेली ठरून पाण्यात जाते किंवा कुंपणाबाहेर टेकवली जाते. फलकावर ग्रंथातले भारदस्त नाव लागते. दगड गेला तर पुरावा जातो. दगड राहिला आणि नाव गेले तर अर्थ जातो.

म्हणून वाचकहो, तुमच्या गावी जीर्णोद्धाराची बैठक भरेल तेव्हा एवढे करा. जुन्या शिळेचे चारी बाजूंनी छायाचित्र घ्या, मापे लिहा, ती कोणत्या दिशेला तोंड करून कुठे होती ते टिपा. मग गावातल्या जाणत्यांपाशी बसून तिचे नाव, तिच्या बहिणी, तिचा मान, तिची जत्रा हे सगळे त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवा. महाजनांना विनंती करा की शिळा देवळाच्या आवारातच सावलीत राहू द्यावी, आणि फलकावर दोन्ही नावे लिहावीत: गजलक्ष्मी आणि केळबाय.