विश्लेषण: पावसानं ‘हात दिला’ म्हणजे आला की गेला? शिरोळच्या सीमेवर अवयवांच्या वाक्प्रचारांचा घोळ

‘मळे कै कोट्टिदे.’ कन्नड वर्तमानपत्रांत पावसाळ्यात हे वाक्य हमखास दिसतं. मळे म्हणजे पाऊस, कै म्हणजे हात, कोट्टिदे म्हणजे दिला आहे. शिरोळ तालुक्यातल्या मराठी वाचकानं शब्दाला शब्द लावला, तर पावसानं हात दिला, म्हणजे वेळेला मदत केली, असा अर्थ निघतो. बातमी मात्र नेमकी उलटी असते. पावसानं दगा दिलेला असतो, पेरणी अडकलेली असते. कन्नडमध्ये ‘कै कोडु’ म्हणजे ऐनवेळी फसवून मोकळं होणं.

कृष्णेच्या काठावरच्या या तालुक्याला दोन भाषा नव्या नाहीत. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात जुन्या कन्नडातले शिलालेख आहेत. नदीपलीकडं कर्नाटक सुरू होतं. नृसिंहवाडीला दत्तदर्शनासाठी कर्नाटकातून रोज माणसं येतात. शेतीभाती, बाजारहाट आणि सोयरीक दोन्ही काठांवर चालते. त्यामुळं इथल्या माणसाला कन्नड कानावरून माहीत असतं, पण मोबाइलवर आलेली कन्नड बातमी किंवा तिचं भाषांतर वाचताना गोंधळ होतो. विशेषतः हात, पाय, नाक, कान आले की.

पोटात काय काय घालतात?

आधी जिथं घोळ होत नाही ते पाहू. लग्नाचा मांडव उतरताना मुलीचा बाप व्याह्यांपुढं हात जोडतो आणि म्हणतो, ‘काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला.’ व्याही कन्नड असले तरी दुभाष्या लागत नाही, कारण त्यांच्याकडं हेच वाक्य आहे: ‘होट्टेगे हाक्कोळ्ळि.’ होट्टे म्हणजे पोट, त्यात घालून घ्या. (शिष्ट कन्नडातलं हे रूप, सीमेवरच्या बोलीत शेवटी आदराचा ‘री’ येतो.) हेच इंग्रजीत शब्दशः सांगितलं, तर ऐकणारा बहुधा ताटाकडं बघेल.

मत्सरही दोन्ही भाषांत पोटातच राहतो. शेजाऱ्यानं ट्रॅक्टर घेतला की मराठी माणसाच्या पोटात दुखतं. कन्नड माणसाला ‘होट्टे किच्चु’ होतो, म्हणजे पोटात आग लागते. इथं जरा जपायला हवं. ‘होट्टे उरि’, म्हणजे पोटाची जळजळ, हा शब्द जळफळाटाला आणि मनस्तापालाही वापरतात आणि खरोखरच पोटात आग होत असेल तरीही. उपचारासाठी सीमेपलीकडून मिरजेला आलेल्या रुग्णाच्या तोंडी हे शब्द आले, तर सोबतच्या मराठी नातेवाइकानं ‘कुणावर जळतोय?’ असं समजून हसण्यावारी नेऊ नये.

पोट हा शब्दही दोन्हीकडं जुना आहे. प्राकृतात ‘पोट्ट’ आहे आणि जुन्या कन्नडात ‘पोट्टे’. कन्नडातला शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ पुढं ‘ह’ झाला आणि पोट्टेचं होट्टे झालं. दुधाला असलेला ‘पालु’ हा शब्दही असाच ‘हालु’ झाला.

आणखीही जुळी रूपं आहेत. मराठीत डोकं खातात, कन्नडात ‘तले तिन्नु’, म्हणजे तेच. दुसऱ्याच्या भानगडीत मराठी माणूस नाक खुपसतो, कन्नड माणूस ‘मूगु तूरिसु’ करतो. ‘तोंडाला येईल तसं’ बोलणं कन्नडात ‘बायिगे बंदंते’ होतं. गोष्ट अंगाशी आली की इकडं काढता पाय घेतात. तिकडं ‘काल् कीळु’, म्हणजे पाय उपटून घेतात.

भाषा वेगळ्या, मग म्हणी सारख्या कशा?

मराठी इंडो-आर्यन कुळातली, कन्नड द्राविडी. कुळं वेगळी असूनही विचाराची चाल एक कशी, याचं एक गाजलेलं उत्तर शिरोळच्या शेजारीच सापडलं. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू बोलणाऱ्या लोकांच्या बोलण्याचा अभ्यास केला. त्यांचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत आजही कुपवाडचं नाव घेतलं जातं. निष्कर्ष असा होता, की पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी बोलून या भाषांच्या वाक्यांची घडण इतकी जवळ आली, की एका भाषेतल्या शब्दाच्या जागी दुसरीतला शब्द ठेवत गेलं तरी वाक्य उभं राहतं. पाला कापून आणल्याचं साधं वाक्य तिन्ही भाषांत जवळपास त्याच क्रमानं येतं. शब्द मात्र प्रत्येकानं आपापल्या घरचे ठेवले.

हा अभ्यास व्याकरणाचा होता, वाक्प्रचारांचा नव्हे. पण ‘पोटात घालणे’ आणि ‘होट्टेगे हाक्कोळ्ळि’ शेजारी ठेवले, की इथंही तेच घडलेलं दिसतं: साचा एक, शब्द दोन. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत सीमा नकाशावर आखली गेली, बोलण्यातली ये-जा तिच्या आधीची आहे.

मग गफलत कुठं होते?

साचा एक असल्याची सवय झाली, की माणूस गाफील राहतो. आश्चर्य वाटलं की मराठी माणूस तोंडात बोट घालतो. कन्नड माणूस बोट नाकावर ठेवतो: ‘मूगिन मेले बेरळु’. इथं निदान अंदाज तरी बांधता येतो. ‘कालेळे’ म्हणजे पाय ओढणं, हे मात्र चकवतं. मराठीत पाय ओढणारा माणूस दुसऱ्याला वर जाऊ देत नाही. आजच्या कन्नड बातम्यांत, विशेषतः सोशल मीडियाच्या, ‘कालेळे’ म्हणजे बहुतेक वेळा नुसती थट्टा. इंग्रजही थट्टेत पाय ओढतो. स्पॅनिश भाषेत त्याच थट्टेसाठी केस धरतात. महागाईचंही तसंच. महागड्या वस्तूपायी इंग्रजीत एक हात आणि एक पाय जातो, स्पॅनिशमध्ये चेहऱ्यावरचा एक डोळा. मराठी माणसाचे अशा वेळी नुसते डोळे पांढरे होतात, तेवढ्यावर भागतं.

फसवणुकीची जोडी सगळ्यांत मजेदार आहे. मराठीत तोंडाला पानं पुसतात; ऊसदराचा विषय निघालेल्या सभेत हा वाक्प्रचार येणार नाही असं होत नाही. कन्नडमध्ये फसवायचं तर ‘किवि मेले हूवु’ ठेवतात, म्हणजे कानावर फूल. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई कर्नाटकचा अर्थसंकल्प मांडत असताना सिद्धरामय्यांसह काँग्रेसचे आमदार खरोखरच कानावर फुलं खोचून विधानसभेत बसले. सरकार जनतेला मूर्ख बनवतंय, हे सांगायला त्यांना फलक लागला नाही. ज्याला म्हण ठाऊक नव्हती, त्याला तो एखादा सण वाटला असेल.

‘हाता’चं काय करायचं?

सगळ्यांत महाग पडू शकतो तो हातच. त्यात काँग्रेसचं चिन्ह हात असल्यानं कन्नड मथळ्यांत ‘कै’ म्हणजे काँग्रेस पक्षही असतो. एखादा नेता पक्ष सोडून गेला, की ‘कै’ला कै दिला, अशी कोटी होते. मराठी वाचकाला वाटावं, पाठिंबा दिला. व्यवहारातही तेच. ‘व्यापाऱ्यानं कै कोट्ट’ असा निरोप नदीपलीकडून आला, तर तो मदतीला धावला नाही, सौदा मोडून गेला, असं समजायचं.

मदतीसाठी कन्नडात हात देत नाहीत, धरतात: ‘कै हिडि’. ज्या पिकानं साथ दिली ते कै हिडिदलेलं पीक. लग्नालाही हाच शब्द आहे, जसं संस्कृतातलं पाणिग्रहण. त्यामुळं मोबाइलवर कन्नडातून आलेल्या बातमीत पाऊस, पीक किंवा व्यापारी यांच्यापुढं ‘हात’ दिसला, की मूळ क्रियापद पाहून घ्यावं. ‘कोट्टिदे’ असेल तर पावसानं ओढ दिली आहे. ‘हिडिदिदे’ असेल तर पाऊस झाला आहे.