हाडोळा आणि मॅनरची नक्कल

इंग्लंडची सरंजामी व्यवस्था शिकवताना मी मॅनरच्या धन्याच्या शेतावर आठवड्यातून दोन-तीन दिवस वेठीला राबणाऱ्या कुळाचे वर्णन करतो. त्याला व्हिलन म्हणत. (सिनेमातला व्हिलन याच शब्दातून आला. कष्टकऱ्याच्या नावाची शिवी तिथेही झाली!) यंदा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, म्हणजे आमचा हाडोळाच की!"

साम्य खरे आहे. महाराला हाडोळ्याचा तुकडा मिळे तो सांगावे पोचवण्याबद्दल, सरकारी माणसाच्या सरबराईबद्दल, मेलेले ढोर ओढण्याबद्दल. जमीन रूढीने मिळे आणि रूढीनेच राबवून घेई. पण पुढे वाटा फुटल्या. मॅनरच्या कचेरीत कुळाची वहिवाट वहीत चढे आणि त्या नोंदीची नक्कल कुळाच्या हाती पडे. म्हणून त्या धारणेला 'कॉपीहोल्ड' म्हणत. वेठीचे पैशात रूपांतर झाले. पंधराव्या शतकाअखेर राजाची न्यायालयेही ती नक्कल मानू लागली. 1 जानेवारी 1926 ला ही पद्धत कायद्याने संपली, तेव्हा नक्कलवाला मालक झाला.

आमच्या वाट्याला कागद नव्हे, कथा आली. बिदरच्या बादशहाने 52 हक्क दिले, असे आजोबा अभिमानाने सांगत. हक्क कसले? त्यांत मढ्यावरचे कापडही होते! शिवाय व्हिलन पळून शहरात वर्ष आणि एक दिवस राहिला, तर अनेक शहरांच्या रिवाजाप्रमाणे मोकळा होई. महार मुंबईच्या गिरणीत गेला तरी जात त्याच्या आधी तिथे पोचलेली असे.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. 1928 साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी विधेयक आणले : वतनदाराने पूर्ण सारा भरावा, चाकरीतून सुटावे, जमीन मात्र त्याच्याकडेच राहावी. आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळ्याला 1941 च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदार परिषद भरली, तिलाही ते आले. मुंबई राज्यात कनिष्ठ वतने 1958 च्या कायद्याने गेली. जमीन साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून परत मिळणार होती. ज्याच्या घरात बियाण्याला पैसा नाही, त्याने ती कुठून भरायची? मराठवाड्यासाठी हैदराबादचा 1954 चा इनाम निर्मूलन कायदा होता.

तो विद्यार्थी परवा तहसिलीतून जुन्या खासरा पत्रकाची नक्कल घेऊन आला. इनामदार म्हणून पणजोबाचे नाव आहे. कसणाऱ्याच्या रकान्यात दुसऱ्याचे.