जीपीएसला ठिकाण ठाऊक, पण वायरलेसला?

मच्छीमार बंधूंनो, आपल्या बोटीच्या केबिनमध्ये जीपीएस आहे, फिशफाइंडर आहे, व्हीएचएफ वायरलेस सेट आहे. जीपीएसच्या पडद्यावर अक्षांश-रेखांश दिसले, की सगळे ठीक आहे असे आपण धरून चालतो. पण शेजारच्या वायरलेसला ते आकडे पोचतात का, हे सहसा कोणी बघत नाही. खरी गोम तिथेच आहे.

डीएससी सोय असलेल्या सेटवर झाकणाखाली लाल बटन असते. संकटात ते काही सेकंद दाबून धरले, की ७० नंबरच्या चॅनलवरून मदतीची हाक जाते. त्या हाकेत बोटीचा नऊ आकडी ओळख क्रमांक आणि बोटीचे ठिकाण असते. सेटमध्येच जीपीएस असेल तर प्रश्न नाही. नसेल आणि बाहेरून येणारी वायर तुटलेली असेल, तर हाक जाईल पण ठिकाणाविना. मग तटरक्षक दलाने शोधायचे कुठे?

म्हणून बंदर सोडण्यापूर्वी वायरलेसच्या पडद्याकडे बघा. जीपीएसवरचे आकडे तिथेही दिसले पाहिजेत. नंतर जीपीएस बंद करून थोडे थांबा. ठिकाण मिळत नसल्याची सूचना सेटने दिली, म्हणजे माहिती त्या वायरीतूनच येत होती. चाचणी म्हणून लाल बटन मात्र कधीही दाबू नये.

आकडे दिसत नसतील तर लगेच नवा सेट घ्यायला धावू नका. बहुतेक वेळा दोष वायरीत किंवा सेटिंगमध्ये निघतो. शेतीपंपाचा स्टार्टर उघडून बघणाऱ्याला हे काम जड नाही. आधी दोन्ही यंत्रांना पुरेसा व्होल्टेज मिळतो का ते मीटरने बघा, आणि इंजिन सुरू करतानाही बघा. बॅटरी कमजोर असेल तर नेमकी त्या क्षणी यंत्रे बंद पडून पुन्हा चालू होतात. मग जोड तपासा. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा कळंक चढतो. वरून चिकटपट्टी धडधाकट दिसते, आत तार खाल्लेली असते. पीळ मारून पट्टी गुंडाळलेला जोड बोटीवर ठेवूच नये.

आता वायरींची गंमत. जुन्या यंत्रांत ही देवाणघेवाण एनएमईए ०१८३ पद्धतीने होते. तिचा नियम ग्रामसभेसारखा आहे, एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. जीपीएसची ‘बाहेर जाणारी’ वायर वायरलेसच्या ‘आत येणाऱ्या’ वायरीला जोडायची असते. पुष्कळदा दोन्हीकडच्या बाहेर जाणाऱ्या वायरी एकमेकींना जोडलेल्या सापडतात! रंगावर जाऊ नका, कारण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. माहितीपुस्तिका बघूनच जोडा. एका जीपीएसवरून फिशफाइंडर आणि वायरलेस दोघांनाही माहिती देता येते, पण दोन जीपीएस एकाच वायरीवर बोलू लागले की कोणालाच काही कळत नाही.

जोडणी बरोबर असूनही आकडे येत नसतील, तर सेटिंग बघा. जीपीएसमध्ये माहिती बाहेर पाठवण्याची सोय चालू हवी. वेग दोन्हीकडे सारखाच हवा. साधारणपणे तो ४८०० असतो, एआयएसला मात्र ३८४०० लागतो. एनएमईए २००० पद्धतीच्या नव्या बोटीत मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर असावा लागतो. वीज बंद करून मीटर लावला, तर सुमारे ६० ओहम यायला हवे. १२० आले तर एक टर्मिनेटर गायब आहे असे समजा.

आकडे वाचण्यातही एक खाच आहे. १७ अंश १०.५० मिनिटे आणि १७ अंश १० मिनिटे ५० सेकंद हे एकच नव्हे. दोहोंत सहाशे मीटरहून अधिक अंतर पडते. तांडेलाने वायरलेसवर ठिकाण सांगताना ‘दशांश’ की ‘सेकंद’ हे स्पष्ट म्हणावे.

ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे देशभरातील एक लाख मासेमारी नौकांना उपग्रहावर चालणारे ट्रान्सपॉन्डर देण्याची योजना सुरू झाली. ते बसले म्हणून व्हीएचएफकडे दुर्लक्ष करू नये. जवळच्या बोटीला हाक ऐकू जाते ती व्हीएचएफवरच, आणि पहिली धाव बहुधा तीच घेते.

मच्छीमार सोसायटीच्या सचिवांना एक विनंती. बोट विकली आणि सेट दुसऱ्या बोटीवर गेला, तर जुना ओळख क्रमांक तसाच राहतो आणि शोध भलत्याच बोटीचा सुरू होतो. पावसाळ्यात बोटी शाकारलेल्या असतात, तेव्हाच बोटीचे नाव आणि हा क्रमांक यांची यादी ताडून घ्यावी. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सोसायटीच्या फलकावर ठळक लिहावा.