जनुकांचीं दारें व वासराचीं शिंगें

भिंगार व नगर भागांतील गोठ्यांत संकरित गाई आतां नव्या राहिल्या नाहींत. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची गीर, जर्सी व होल्स्टीन या तीन रक्तांची 'फुले त्रिवेणी' वाचकांस ठाऊक आहेच. वासरूं दोन-तीन आठवड्यांचें होतें न होतें तोंच त्याच्या शिंगकळ्या तापल्या लोखंडानें जाळण्याचें निर्दय काम धन्यास करावें लागतें. युरोपीय गुरांत मात्र कित्येक वासरें जन्मतःच भुंड निघतात. याचें कारण मोठें बोधप्रद आहे.

गाईच्या प्रत्येक पेशींत डीएनए नांवाचा सुमारें तीन अब्ज अक्षरांचा लेख असतो. प्रथिनें कशीं घडवावीं हें सांगणारा भाग त्यांत शेंकडा दोनच्या आसपासच भरतो. उरलेल्यास पूर्वीं कित्येक विद्वान् अडगळ समजत. परंतु खुराच्या पेशींत व डोळ्याच्या पेशींत जनुकें तींच असतां एकीचा खूर व दुसरीचा डोळा कां व्हावा? पाटाला पाणी एकच, पण दारें धरणारा गडी ठरवील त्याच वाफ्यांत तें जातें. या कथित अडगळींतील अनेक तुकडे असेच दारें धरणारे आहेत. गर्भाच्या कोणत्या भागांत, कोणत्या दिवशीं, कोणतें जनुक चालूं व्हावें हें ते ठरवितात. आणि कांहीं तुकडे तर आपल्या जनुकापासून लाखों अक्षरें दूर बसून हें काम करितात.

फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या गारोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढींत आणून 'नारी सुवर्णा' सिद्ध केली. तेथें बदल प्रत्यक्ष जनुकांतील एका अक्षराचा आहे, प्रथिनच बदलतें. शिंगांची गोष्ट निराळी. भुंडेपणाचा एक बदल २०१२ सालीं पहिल्या गुणसूत्रावर सांपडला. तेथें २१२ अक्षरांचा तुकडा दोनदां आलेला असून तो कोणत्याहि प्रथिनाची कृति सांगत नाहीं. तरीहि सुमारें ९० दिवसांचे गर्भ तपासतां, शिंगाच्या जागीं कांहीं जनुकांचें काम शिंगाळ गर्भाहून वेगळें चाललेलें दिसलें. म्हणजे शिंग घडविण्याचें साहित्य शाबूत असतां केवळ दारें फिरल्यानें कोंबच धरत नाहीं. २०१५ सालीं अमेरिकेंत हाच तुकडा शिंगाळ होल्स्टीनच्या पेशींत घालून वासरें जन्मविलीं, तीं भुंड निघालीं. पुढें २०१९ सालीं त्यांत जंतूच्या डीएनएचा अंशहि शिरलेला आढळला. तेव्हां आम्हांस तरी साधी पैदासच बरी वाटते.

हा गुण प्रभावी आहे. वळूकडे त्याच्या दोन्ही प्रती असल्यास सर्व वासरें भुंड होतात. एकच असल्यास सरासरीनें निम्मीं. खिल्लाराचीं शिंगें हें त्याचें भूषण. तेथें हा गुण आणूं नये. पण दुधाच्या गोठ्यासाठीं भुंड वळूची रेतमात्रा घेतांना त्याच्या प्रती एक कीं दोन, एवढें अवश्य विचारावें.