घोड्याला काय दिसतं?

दिल्लीच्या सरोजिनी नगरात घोडा दिसतो तो लगीनसराईत. बँडच्या मागोमाग, झगमगत्या दिव्यांच्या रांगांमधून, नवरदेवाला पाठीवर घेऊन सजवलेली घोडी निमूट चालत असते. इथून तीन-चार किलोमीटरवर रेसकोर्स आहे. त्याच्या नावाचा रस्ता २०१६ मध्ये लोक कल्याण मार्ग झाला. वरात आणि शर्यत, एवढ्यापुरताच या शहराला घोडा ठाऊक. त्यामुळे संपादकांनी ‘घोड्यांच्या मदतीने मानसोपचार’ हा विषय दिला, तेव्हा पहिली शंका आली ती हीच, की हे पैसेवाल्यांचं नवं खूळ तर नव्हे?

इतिहास थोडक्यात सांगता येतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली पाय लुळे पडले. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं. त्यांच्या यशानंतर युरोपात उपचार म्हणून घोडेस्वारीकडे लक्ष वळलं. चालत्या घोड्याच्या पाठीवर बसलेल्याची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडी वळत हलते, जवळजवळ आपण चालताना हलते तशीच. हा झाला शरीराचा भाग. १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ईगाला’ या संस्थेने मनाचा रस्ता धरला. तिच्या पद्धतीत माणूस घोड्यावर बसतच नाही. रिंगणात एक मानसोपचारतज्ज्ञ, एक घोड्यांचा जाणकार, मोकळा घोडा आणि रुग्ण असतो. ‘घोड्याला या ठोकळ्यांमधून पलीकडे न्या’ अशी काहीतरी साधी कामगिरी दिली जाते. घोडा अडला की माणूस ओढतो, रागावतो, विनवतो किंवा सोडून देतो. घरी आणि कचेरीतही आपण असंच वागतो का, हा प्रश्न मग तज्ज्ञ विचारतो.

गुरुग्रामच्या बाजूला एका पागेत मी गेलो, पण रमलो तो खरारा करणाऱ्या मोतद्दारापाशी. शहरातले लोक घोड्याच्या तोंडाकडे बघत राहतात, असं त्याचं म्हणणं. तो स्वतः कान बघतो. कान मागे पडले की मालीश थांबवायची, एक मागचा पाय सैल टेकला की जनावर निवांत आहे असं समजायचं. चिडलेला माणूस जवळ आला की घोडी आधी मान उंच करते, मग बाजूला सरते, हे त्याने मला दाखवूनही दिलं. त्यासाठी त्याला फक्त दात आवळून खांदे ताठ करावे लागले.

यात जादू नाही. घोडा शिकार होणारं जनावर आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला साधारण साडेतीनशे अंशांचा परिसर दिसतो. कळपातल्या एकाने दचकून मान उचलली की बाकीच्यांनी त्याच क्षणी ओळखायचं, यावर त्याच्या पूर्वजांचा जीव तगला. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. रागीट चेहरा दिसला की घोडे तो डाव्या डोळ्याने न्याहाळत आणि त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढत.

याहून जुना पुरावा बर्लिनमधला आहे. विल्हेल्म फॉन ओस्टन या निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स हा घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरं टापा आपटून देई. १९०४ मध्ये चौकशी समितीलाही लबाडी सापडली नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंगस्ट यांनी उलगडा केला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर हान्स चुके. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हले, आणि हान्स तिथे थांबे. हान्सला गणित येत नव्हतं, माणूस वाचता येत होता. या उपचाराचा सगळा पाया मला इथे दिसतो. पण धोकाही इथेच आहे: घोडा आपल्या हालचालीला उत्तर देतो, त्या उत्तराचा अर्थ मात्र माणूस लावतो.

आणि अर्थ लावणारा कोण, यावर सगळं अडतं. २०१४ मध्ये अमेरिकेत मायकेल अ‍ॅनेस्टिस आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यास तपासले. मानसिक विकारांवर या उपचाराचा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. २०१५ मध्ये मात्र स्वमग्न मुलांवर एक काटेकोर प्रयोग झाला. १२७ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला दहा आठवडे घोडेस्वारी, दुसऱ्याला तेवढेच दिवस पागेत घोड्यांची माहिती, पण घोडा नाही. स्वारी करणाऱ्यांची चिडचिड आणि अतिचंचलता अधिक कमी झाली. म्हणजे काही दारं उघडतात, पण सगळी नाहीत. नैराश्य, व्यसन, नेतृत्वगुण असं सारं एकाच पागेत विकायला ठेवलेलं दिसलं, तर तो धंदा समजावा.

दुसरी अडचण खुद्द घोड्याची. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून साधारण ३.४ लाख उरली. २०१२ मध्ये ती सव्वासहा लाख होती. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होऊ शकतो, आणि तो लागलेला घोडा मारावाच लागतो. म्हणून हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात रक्ताची तपासणी महत्त्वाची ठरते. शिवाय जे जनावर दिवसभर अनोळखी माणसांचा ताण वाचत उभं असतं, ते थकतं. वरातीतल्या घोडीच्या तोंडात आजही काटेरी लगाम सापडतो. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठीच्या १९६५ च्या नियमांनी त्याला बंदी आहे. दुखरं तोंड घेऊन उभं असलेलं जनावर कुणाचं मन काय सांभाळणार?

वारीच्या रिंगणात माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळी लावणाऱ्या आपल्या लोकांना घोड्यावर विश्वास ठेवायला शिकवावं लागत नाही. म्हणूनच इथे श्रद्धेपेक्षा चौकशी अधिक करावी. मुलाला किंवा स्वतःला अशा पागेत नेण्याआधी चार प्रश्न विचारा. रिंगणात नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ हजर असेल का? आजवर कोणत्या तक्रारीवर काय फरक पडला, याची नोंद आहे का? डोक्याला हेल्मेट मिळेल का? घोडा दिवसात किती तास काम करतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पागेच्या मालकाकडून नको, मोतद्दाराकडून घ्या. आणि जे उपचार, जी औषधं चालू आहेत, ती घोड्याच्या भरवशावर बंद करू नका.