रणांगणानंतरची कसोटी : मेजर जनरल इयान कार्डोझो

युद्धातील शौर्याचा गौरव पदकाने होतो. परंतु जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकाला पुन्हा त्याचे काम द्यावयाचे किंवा नाही, हा प्रश्न कार्यालयांतच सोडवावा लागतो. ५ व्या गोरखा रायफल्सचे मेजर जनरल इयान कार्डोझो यांची कारकीर्द या दृष्टीने उद्बोधक आहे.

कार्डोझो यांचा जन्म १९३७ साली मुंबईत झाला. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सुवर्ण व रौप्य ही दोन्ही पदके पटकाविणारे ते पहिले छात्र होत. १९६० साली नेफातील गस्तीवर दाखविलेल्या शौर्याबद्दल त्यांना सेना पदक मिळाले. गोरखा जवानांना त्यांचे आडनाव उच्चारता येत नसे, म्हणून ते त्यांना ‘कारतूस साहेब’ म्हणत.

१९७१ च्या युद्धात ७ डिसेंबरपासून त्यांची पलटण सिल्हेटजवळ हेलिकॉप्टरने उतरविण्यात आली. भारतीय सेनेची अशी ही पहिलीच कारवाई होती. त्यानंतर सुरुंगाच्या स्फोटात कार्डोझो यांच्या पायाचा चेंदामेंदा झाला. वेदनाशामक औषध उपलब्ध नव्हते. पाय तोडण्यास गोरखा जवान धजेना, तेव्हा त्यांनी खुकरीने तो स्वतःच तोडला. पुढील शस्त्रक्रिया मेजर महंमद बशीर या युद्धकैदी पाकिस्तानी शल्यचिकित्सकाने केली.

सहानुभूती नव्हे, संधी

लाकडी पाय बसविल्यावर पलटणीचे नेतृत्व मिळणे दुरापास्तच होते. कार्डोझो यांनी सवलत मागितली नाही, कसोटी मागितली. शारीरिक क्षमतेच्या चाचणीत त्यांनी धडधाकट अधिकाऱ्यांना मागे टाकले. लडाखच्या उंच पहाडांत ते चालू शकतात, हे तत्कालीन सेनाप्रमुख जनरल टी. एन. रैना यांनी स्वतः पाहिले व नेतृत्वास अनुमती दिली. पलटण आणि पुढे ब्रिगेड यांचे नेतृत्व करणारे ते भारतीय सेनेतील पहिले युद्धविकलांग अधिकारी ठरले.

अमरावती व अकोला येथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासकीय पदांत ४ टक्के आरक्षण ठेवले आहे. मात्र कायद्याची फलश्रुती अखेर अर्ज हाताळणाऱ्या व्यक्तीवर अवलंबून असते. ग्रामपंचायत असो वा शाळा, समोरच्या माणसाची उणीव पाहून निर्णय घेण्यापूर्वी त्याला आपले सामर्थ्य दाखविण्याची संधी मिळाली पाहिजे. जनरल रैना यांनी नेमके तेच केले.